झिंक झिजलं पाहिजे: लोखंडी बोटीचा गंज आणि शिंपले, आगोटीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. चुलतभावाचा पन्नास फुटी लोखंडी ट्रॉलर खाडीतल्या स्लिपवेवर ओढला होता. तळाला लावलेल्या झिंकच्या (जस्ताच्या) सहाही प्लेटी जशाच्या तशा, कोपरेसुद्धा शाबूत. भाऊ खूश. "दादा, बघ, यंदा झिंकचा खर्च वाचला." मी वाकून पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरचा पत्रा बघितला. करंगळीचं टोक बसेल असे खड्डे, एकाला लागून एक. मग झिंकवर नखाने खरवडलं, तर लाल रंगाचा पापुद्रा हातात आला. आदल्या हंगामात रंगवणाऱ्या पोराने रोलर फिरवताना झिंकही सोडलं नव्हतं. बिचाऱ्याने मन लावून काम केलं होतं. झिंक वाचलं, आणि त्याच्या वाटणीचं बोट झिजली.

तीस वर्षं मी मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली. तिथे ड्रायडॉकमध्ये जे अडीचशे मीटरच्या जहाजाला करतात, तेच पन्नास फुटी बोटीला करायचं असतं, फक्त हाताशी माणसं आणि पैसा कमी असतो. सगळ्या कामाच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: काही वस्तू झिजण्यासाठीच लावलेल्या असतात. झिंक विरघळतं म्हणून लोखंड टिकतं. तळाच्या रंगातलं तांबं विरघळतं म्हणून शिंपले धरत नाहीत. या दोन्ही वस्तू वर्षभराने नव्यासारख्या दिसल्या, तर त्यांनी काम केलेलं नाही असं खुशाल समजा.

हे कोडं जुनं आहे. लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारायचे, तेव्हा ते तांबं समुद्रात झिजायचं म्हणून इंग्रजांनी हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाला उपाय विचारला. १८२४ साली त्याने तांब्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून दाखवले. कोचीनला सागवानात बांधलेल्या ‘समारंग’ या जहाजावर हा प्रयोग झाला. तांबं झिजायचं खरोखरच थांबलं. पण तांबं विरघळेना, म्हणून तळावर शेवाळ आणि शिंपले धरले, आणि जहाज जड झालं. शेवटी ते तुकडे काढून टाकावे लागले. गंज आणि शिंपले ही दोन वेगळी दुखणी नाहीत. एकाचं औषध करताना दुसऱ्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

खाली जे सांगतोय ते लोखंडी बोटीसाठी आहे. लाकडी आणि फायबरच्या बोटींबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

आधी कॅलेंडर

यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. सगळे नाखवे बोट ओढतात, शाकारतात म्हणजे पावसासाठी झाकतात, आणि रंगाचं काम जुलैच्या शेवटच्या आठवड्यावर टाकतात. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच होते. जुलैत कोकणात हवेतली आर्द्रता ८५ ते ९५ टक्के असते. त्या हवेत उघड्या लोखंडावर मारलेला एपॉक्सी (लोखंड झाकणारा टणक रंग) पाण्याच्या अदृश्य थरावर बसतो, आणि दिवाळीपर्यंत त्याला फोड येतात.

म्हणून काम दोन तुकड्यांत करा. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जे उधाण येईल, त्या अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या भरतीला बोट वर घ्या. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत पाणी पुरेसं चढत नाही आणि बोट अर्ध्यात अडकते. हंगामाचे शेवटचे आठ दिवस बुडतील, हे मला कळतं. पण पाऊस सुरू व्हायच्या आत धुणं, तपासणी, वेल्डिंग, गंज काढणं आणि प्रायमरचे दोन हात व्हायलाच हवेत. मग बोट शाकारा. जुलैअखेरीस उघडीप बघून वरचे हात मारायचे.

ओढल्यावर पहिले दोन तास

बोट ठोकळ्यांवर बसली की खरवडायला धावू नका. आधी एक फेरी मारा आणि मोबाइलवर फोटो घ्या. तळ काय सांगतोय ते वाचायचं असतं, आणि एकदा खरवडलं की ते पान फाटलं.

शिंपले कुठे आहेत ते बघा. पाण्यात गेलेल्या कोणत्याही वस्तूवर काही मिनिटांत सेंद्रिय पदार्थांचा पातळ थर बसतो, काही तासांत जिवाणूंचा बुळबुळीत थर, मग सूक्ष्म शेवाळ, आणि त्यानंतर बार्नॅकलची, म्हणजे बोटीवर धरणाऱ्या शिंपल्यांची, पिल्लं. हे पिल्लू पाण्यात पोहत येतं, जागा चाचपून बघतं, पसंत पडली की डोक्याच्या बाजूने डिंक सोडून चिकटतं, ते कायमचं. चालत्या बोटीवर त्याला चिकटणं जड जातं. बंदराला बांधून ठेवलेल्या बोटीवर सोपं. त्यामुळे सगळीकडे सारखे शिंपले असतील तर बोट उभी जास्त राहिली, किंवा रंग संपला. पाण्याच्या रेषेवर हिरवं शेवाळ असेल तर ते उन्हामुळे, तिथे पुढच्या वेळी एक हात जास्त. आणि चौकोनी ठिगळांसारखे शिंपले दिसले, तर ती गेल्या वर्षीच्या ठोकळ्यांची जागा. बोट ठोकळ्यांवर बसलेली असताना रंगवली, ठोकळे सरकवले नाहीत. हे मी इतक्या बोटींवर बघितलंय की आता लांबूनच ठोकळे मोजतो.

फोटो झाले की मग मात्र घाई करा. ओला शिंपला पत्र्याच्या पट्टीने निघतो. उन्हात वाळला की बुडाशी चुन्याची गोल चकती सिमेंटसारखी धरून बसते आणि ग्राइंडर लागतो. ही चकती रंगाखाली राहिली तर त्यावरचा रंग चकतीसकट पडणार.

खरवडताना तळ ओला ठेवा. जुन्या रंगाची कोरडी धूळ छातीत जाता कामा नये. त्यात तांबं असतं आणि इतर जीवनाशकंही. तोंडाला नुसता रुमाल नको, फिल्टरचा मास्क हवा. जमिनीवर ताडपत्री अंथरा आणि निघालेला चुरा पोत्यात भरा, खाडीत लोटू नका. हे पर्यावरणवाल्यांचं भाषण म्हणून सांगत नाही. एकेकाळी जहाजांच्या रंगात ट्रायब्युटिलटिन नावाचं रसायन असायचं. शिंपले अजिबात धरायचे नाहीत, सगळे खूश. मग फ्रान्सच्या आर्काशों उपसागरातली कालवं वेडीवाकडी वाढायला लागली, पिल्लं धरेनात, आणि तिथल्या कालववाल्यांचा धंदा बसला. फ्रान्सने १९८२ साली लहान बोटींवर ते बंद केलं, आणि सगळ्या जगासाठीचा करार १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. आपल्या खाडीतली कालवं आणि तिसऱ्या आपल्याच ताटात येतात.

खरवडून झालं की गोड्या पाण्याने, दाबाच्या पंपाने धुवा. एकदा नाही, दोनदा. मीठ डोळ्यांना दिसत नाही, पण रंगाखाली राहिलेलं मीठ रंगातून पाणी ओढून घेतं आणि फोड येतो. फोड फोडून बघा, आत पाणीच सापडेल. धुतल्यावर तासाभराने उघड्या पत्र्याकडे बघा. बाकी पत्रा सुकला आणि काही ठिपके ओलसर, काळपट राहिले, तर तिथे खड्ड्यात मीठ बसलंय. तेवढी जागा ब्रशने घासून पुन्हा धुवा.

पत्रा किती उरलाय

बुडालेलं उघडं लोखंड समुद्रात वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजतं. ऐकायला काहीच नाही. पण हा सरासरीचा आकडा आहे, आणि सरासरीने बोट बुडत नाही, खड्ड्याने बुडते. लाटा आणि हवा दोन्ही लागतात त्या पाण्याच्या रेषेच्या वरच्या पट्ट्यात झीज याच्या तीन-चार पट होते. एकाच जागी कुरतडणारा खड्डा त्याहून वेगाने खोल जातो.

अल्ट्रासॉनिक जाडी मोजणारं यंत्र भाड्याने मिळतं, किंवा माणसासकट बोलवा. बोटीचा बाहेरचा उलगडलेला नकाशा कागदावर काढा आणि त्यावर आकडे लिहा. पाण्याची रेषा, वेल्डचे सांधे, सी चेस्टच्या (समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पेटीच्या) भोवती, पंख्याच्या वरचा भाग, माशांच्या खणाखालचा पत्रा, या जागा सोडू नका. मूळ पत्र्याच्या पाव हिश्शाहून जास्त गेला असेल तर बदला: ६ मिलिमीटरचा पत्रा ४.५ वर आला की त्याचे दिवस भरले. यंत्र नसेल तर चिपिंग हातोडा. चांगला पत्रा खणखणतो, खालावलेला बद्द वाजतो. हातोडीने भोक पडलं तर वाईट वाटून घेऊ नका, ते जमिनीवर पडलं, समुद्रात नाही.

पत्र्यावर पत्रा मारून वेळ निभावायची सवय सोडा. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं, आत ब्रश जात नाही, आणि तीन वर्षांनी दोन्ही जातात. कुजका भाग कापा आणि तेवढाच नवा तुकडा सांधा. असे तुकडे गोल कोपऱ्यांचे कापावेत, चौकोनी कोपऱ्यातून चीर सुरू होते.

आतली बाजू बहुतेक जण बघतच नाहीत. माझ्या अनुभवात मासेमारी बोटींचे निम्मे पत्रे आतून गेलेले असतात. बर्फाचं पाणी, माशाचं रक्त आणि डिझेल बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या तळाशी, साचतं. तिथे हवा नसते. त्या काळ्या चिखलात सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढतात आणि पत्रा खातात. ओळख सोपी आहे: सडक्या अंड्याचा वास, आणि काळा थर बोटाने पुसला की खाली चकचकीत खड्डा.

हा वास आला तर आत उतरू नका. हायड्रोजन सल्फाइड आधी नाकाची शुद्ध घालवतो, म्हणजे वास गेला की माणसाला वाटतं हवा साफ झाली. मग माणूस पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. बंद खणात मेलेल्यांमध्ये दुसरा-तिसरा माणूस बहुतेक वेळा मदतीला उतरलेलाच असतो. झाकणं आदल्या दिवशी उघडा, ब्लोअरने तळापर्यंत हवा मारा, वायू मोजणारं यंत्र असेल तर दोरीने खाली सोडून बघा. आत एक असेल तर वर एक माणूस उभा हवा, आणि त्याचं काम फक्त बघणं आणि आरडाओरडा करणं. आत उडी मारणं नाही.

गंज काढणं: इथेच पैसे घाला

बजेट आखडतं असेल तर महागड्या रंगाऐवजी साधा रंग घ्या, पण पृष्ठभागाला हात आखडू नका. चांगल्या पत्र्यावर साधा रंग तीन वर्षं जातो. गंजावर मारलेला उत्तम रंग पुढच्या शिमग्यालाही नसतो.

सगळ्यात आधी तेलाचे डाग साबणाच्या पाण्याने काढा. तेलावर ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने बारीक खडे मारून पत्रा साफ करणं) केलं तर तेल पत्र्यात अजून खोल ठोकलं जातं. वेल्डिंगचे थेंब आणि धारदार कडा ग्राइंडरने गोल करा, कारण धारेवर रंग थांबत नाही, मागे सरकतो.

ब्लास्टिंगला कॉपर स्लॅग किंवा ग्रिट मागा. नदीची कोरडी वाळू वापरू देऊ नका. त्या धुळीने फुप्फुसाचा सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ठेकेदाराला ‘एसए अडीच’ हा शब्द सांगा. म्हणजे पत्रा जवळपास पांढरट-राखाडी, फिकट सावल्यांशिवाय काही शिल्लक नाही. पत्र्यावर नख फिरवलं की बारीक सँडपेपरसारखं लागलं पाहिजे, साधारण ५० ते ७५ मायक्रॉनचा खरखरीतपणा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

सगळी बोट ब्लास्ट करणं परवडत नसेल तर निदान पाण्याच्या रेषेचा पट्टा, मागचा भाग आणि सुकाणू करा. बाकीच्या जागी हातोडा, मग ग्राइंडरवर खडबडीत चकती. गोल वायर ब्रशवर विसंबू नका. तो गंजावर घासून त्याला तांब्यासारखी चमक आणतो, डोळे फसतात, गंज तिथेच राहतो.

ब्लास्ट झालेला पत्रा सकाळी उघडला तर त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे. समुद्राकाठी रात्रीतून तो नारिंगी होतो.

रंगाचा दिवस: आधी हवा मोजा

नियम दोन: आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली, आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) निदान ३ अंशांनी जास्त. उदाहरण घ्या. हवा ३० अंश, आर्द्रता ८५ टक्के. दवबिंदू येतो सुमारे २७.२. म्हणजे पत्रा ३०.२ अंशांच्या वर हवा. ढगाळ दिवशी किंवा सकाळी सात वाजता तो २८ असतो. डोळ्यांना पत्रा कोरडा दिसेल, पण रंगवू नका. दहानंतर पत्रा तापतो, आणि तीन-साडेतीनला हात थांबवा, म्हणजे संध्याकाळच्या दवाआधी थर धरतो. ओल्या-कोरड्या थर्मामीटरचं साधन आणि पत्र्याला चिकटणारं चुंबकी थर्मामीटर, एवढं सामान पुरतं.

पत्र्यावर एपॉक्सी प्रायमरचे हात, मिळून २५० ते ३०० मायक्रॉन. त्यावर दोघांना जोडणारा टाय कोट. त्यावर अँटिफाउलिंगचे, म्हणजे शिंपले धरू न देणाऱ्या तांब्याच्या रंगाचे, दोन हात, प्रत्येकी १०० मायक्रॉन सुकल्यावर. अँटिफाउलिंग थेट लोखंडावर कधीही मारू नका. त्यात तांबं असतं, आणि ओल्या लोखंडाला तांबं लागणं म्हणजे गंजाला आमंत्रण. मधला एपॉक्सी ही भिंत आहे.

पहिल्या हाताआधी वेल्डच्या रेषा, कडा आणि कोपरे ब्रशने वेगळे रंगवून घ्या. रोलर तिथे नुसता उड्या मारत जातो. प्रत्येक हाताला वेगळा रंग घ्या, तांबडा-करडा-तांबडा, म्हणजे राहिलेली जागा लगेच दिसते. ओल्या रंगाची जाडी दातेरी कंगव्याने बघा. तो कंगवा रंगाच्या दुकानदाराकडे बहुधा फुकट मिळतो आणि कुणी मागत नाही.

मेमध्ये प्रायमर आणि जुलैत अँटिफाउलिंग, यात एक मेख आहे. एपॉक्सी पूर्ण कडक झाला की त्यावर पुढचा थर चिकटत नाही. शिवाय दमट हवेत एपॉक्सीवर मेणचट, चिकट घाम येतो. म्हणून जुलैत आधी गोड्या पाण्याने धुवा, सगळा पृष्ठभाग सँडपेपरने खरखरीत करा, पुन्हा पुसा, मग टाय कोट मारा. टाय कोटवर अंगठा दाबला तर ठसा उठतो पण रंग बोटाला लागत नाही, अशा वेळी अँटिफाउलिंगचा पहिला हात. ही वेळ चुकली तर वर्षअखेरीस सोललेल्या केळ्यासारखा रंग उतरतो.

किती रंग लागेल? पाण्याच्या रेषेवरची लांबी गुणिले रुंदी अधिक बुडालेली खोली. भावाच्या बोटीचं: १४ × (४.५ + १.८), म्हणजे ८८ चौरस मीटर. रंगात निम्मा भाग घन असेल तर १०० मायक्रॉनसाठी लिटरला ५ चौरस मीटर होतात. म्हणजे साडेसतरा लिटर. सांडलवंड, खड्डे, वारा धरून एका हाताला २५ लिटर. दोन हातांना ५०. सुकाणू, नाळेची धार आणि पाण्याची रेषा यांना तिसरा हात, त्यासाठी एक डबा जास्तीचा. कुणी वीस लिटरमध्ये सगळी बोट करून देतो म्हणाला, तर त्याच्या रंगात थिनर किती ते विचारा.

डबा उघडल्यावर तळापर्यंत काठी फिरवा, नाहीतर यंत्राने ढवळा. तांब्याची पूड जड असते, खाली बसते. वरवरचा पातळ रंग मारला की पहिल्या अर्ध्या बोटीला नुसतं राळेचं पाणी लागतं, आणि मागच्या अर्ध्या बोटीला सगळं औषध.

मऊ झिजणारा रंग की स्वतःच घासत जाणारा कोपॉलिमर? बोट रोज चालत असेल तर कोपॉलिमर. चालताना वरचा थर हळूहळू निघतो आणि खाली ताजं तांबं उघडं पडतं. बोट आठवड्यात चार दिवस उभी असेल तर त्याचा फायदा घेता येत नाही. सिलिकॉनचे गुळगुळीत रंग मोठ्या वेगाच्या जहाजांना ठीक, आपल्या सहा-आठ नॉटच्या ट्रॉलरवर शिंपले त्यांच्यावरून घसरत नाहीत.

झिंक

आता गणित. रंगवलेल्या तळाला लोखंड राखायला चौरस मीटरमागे सुमारे १५ मिलिअँपिअर लागतात. ८८ चौरस मीटरला १.३ अँपिअर. झिंक एका किलोमागे ७८० अँपिअर-तास देतं. दहा महिन्यांच्या हंगामाला हिशेब साडेबारा किलोंवर जातो. आतली लोखंडी पट्टी उघडी पडू लागली की उरलेलं झिंक निरुपयोगी, आणि पितळी पंखा आपला वाटा वेगळा मागतो. म्हणून १८ किलो: ३ किलोच्या सहा प्लेटी. दोन सुकाणूला, दोन पंख्याच्या आजूबाजूला, दोन मध्यभागी. पंख्याच्या सरळ पुढे लावू नका, पाणी विस्कटतं. इको साउंडरच्या (पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राच्या) डोळ्याजवळही नको.

प्लेटीची लोखंडी पट्टी बोटीला वेल्ड करा. नट-बोल्टने रंगावरून आवळलेलं झिंक शोभेचं. तपासायला साधा मल्टिमीटर पुरे: आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून आकडा बघा, मग एक टोक झिंकवर, दुसरं पत्र्यावर. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. वेल्डवर रंग मारा, झिंकवर मारू नका. रंगाच्या दिवशी झिंकवर कागद आणि टेप चिकटवा, आणि बोट पाण्यात जायच्या आधी तो काढणाऱ्या माणसाचं नाव आधीच ठरवा.

पावसाळ्यानंतर खाडीच्या गोड्या पाण्यात बोट दोन आठवडे उभी राहिली तर झिंकवर पांढरा टणक थर बसतो आणि ते झोपतं. समुद्रात जायच्या आधी ते तारेच्या ब्रशने जागं करा. कुणी मॅग्नेशियम लावायला सांगेल. ते गोड्या पाण्यासाठी आहे. खाऱ्या पाण्यात ते एवढा जोर लावतं की पत्र्यावरचा रंगच उचलला जातो.

पंखा, शाफ्ट आणि वेल्डिंगची वायर

ज्याला आपण मँगनीज ब्रॉन्झ म्हणतो ते खरं तर पितळच, त्यात जस्त असतं. झिंक कमी पडलं की समुद्र त्या पितळेतलं जस्त काढून घेतो आणि मागे सच्छिद्र तांबं ठेवतो. पंख्याची पाती खरवडून बघा. पिवळी असतील तर ठीक. गुलाबी-तांबूस डाग असतील तर हातोडीने टिचकी मारा: घंटेसारखी वाजली तर वरवरचं आहे, मातीच्या मडक्यासारखी वाजली तर पातं एके दिवशी जाळ्याच्या दोरीवर तुटणार.

दोन धातूंचं भांडण किती जुनं आहे बघा. इंग्रजांनी १७६१ साली ‘अलार्म’ या जहाजाला पहिल्यांदा तांबं मारलं. दोन वर्षांनी बघतात तर तांब्याला लागलेले लोखंडी खिळे कुजलेले. जिथे तांब्याच्या पत्र्याचा मूळचा तपकिरी कागद चुकून खिळ्याखाली राहिला होता, तिथले खिळे मात्र ठणठणीत. ज्या कुणा कामगाराने आळसाने कागद काढला नाही, त्याच्यामुळे शोध लागला. आपल्या बोटीत पितळी व्हॉल्व्ह लोखंडी पत्र्याला बसवताना मध्ये रबराची किंवा फायबरची गॅस्केट आणि बोल्टला प्लास्टिकच्या नळ्या घाला, ती त्या कागदाचीच बहीण.

आणि वेल्डिंग. बोट पाण्यात असताना वेल्डिंगचं यंत्र धक्क्यावर ठेवून त्याची अर्थची वायर धक्क्याच्या लोखंडाला लावलेली मी बघितली आहे. मग करंट परत जायला पाण्याची वाट धरतो, आणि बोटीतून जिथे बाहेर पडतो तिथलं लोखंड घेऊन जातो. चार दिवसांत चार वर्षांचं काम होतं. अर्थचा चिमटा त्याच बोटीला, वेल्डपासून हाताएवढ्या अंतरावर. बिल्ज पंपाच्या सोललेल्या वायरीही हेच करतात, पण हळूहळू.

लाकडी आणि फायबरच्या बोटी

लाकडाला गंज नाही, पण तेरेडो नावाचा लांबट शिंपलावर्गीय किडा आहे. बाहेरून टाचणीएवढं भोक, आत बोटाएवढा बोगदा. तळावर स्क्रू ड्रायव्हर दाबत चला. गोड्या पाण्यात तो फार दिवस तगत नाही, म्हणून होड्या पावसात नदीच्या मुखात नेऊन ठेवायची जुनी पद्धत शहाणपणाची होती. काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला अजूनही चालतं, पण ते कातडी भाजतं, हातमोजे घाला. लाकडावर फायबरचं कवच चढवलं असेल तर त्याला एकही चीर नको. आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि लाकूड आतल्या आत कुजतं.

फायबरवर फोड आला तर फोडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट आला तर पाणी आतपर्यंत गेलंय. तो भाग उघडा, गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग एपॉक्सी. वाळायला आठवडे लागतात, आणि बंदीचे ६१ दिवस त्यासाठी बरे.

पाण्यात गेल्यावर

पहिल्या दिवशी सिल्व्हर क्लोराइडचा सेल (व्होल्टेज ज्याच्याशी ताडून बघतात तो) मल्टिमीटरच्या एका टोकाला लावून पाण्यात सोडा, मल्टिमीटरचं दुसरं टोक उघड्या पत्र्याला. नुसतं लोखंड असेल तर उणे ६०० मिलिव्होल्टच्या आसपास दिसेल. झिंक काम करत असेल तर उणे ८०० ते उणे १०५०. हा आकडा चाकघराच्या भिंतीवर तारखेसह लिहा आणि दर महिन्याला खाली नवा लिहा. आकडा ८०० कडून ७०० कडे सरकायला लागला की झिंक संपत आलं, किंवा रंग कुठेतरी मोठा सोलला.

पाऊस संपला, खाडीचं पाणी पुन्हा खारं झालं की बार्नॅकलच्या पिल्लांचा मोसम येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बोट आठ दिवसांपेक्षा जास्त एका जागी उभी करू नका. बुळबुळीत थर दिसला तर मऊ स्पंजने पुसा. लोखंडी पट्टीने पाण्यात खरवडलं तर शिंपल्याबरोबर औषधही निघतं आणि पंधरा दिवसांत दुप्पट धरतं. आळस करून काय होतं, त्याचा एक आकडा अमेरिकन नौदलाच्या फ्रिगेटवरच्या अभ्यासातला: तळ शिंपल्यांनी पूर्ण भरला तर १५ नॉटला तोच वेग राखायला ८६ टक्के जास्त ताकद लागते. आपल्या बोटीला हाच आकडा लागू नाही, पण डिझेलचं बिल त्याच दिशेने चालतं. एक्झॉस्ट काळा आणि इंजिन गरम व्हायला लागलं की आधी तळ आणि सी चेस्टची जाळी बघा, फिटर नंतर बोलवा.

यंदाच्या मेमध्ये भावाची बोट पुन्हा ओढली. सहा प्लेटी कापून काढल्या. ओबडधोबड, भाकरीच्या अर्धवट खाल्लेल्या तुकड्यांसारख्या. मासळीच्या काट्यावर एकेक ठेवून वजन केलं. १८ किलोंपैकी ८ उरलं होतं. पंख्याच्या वरच्या पत्र्यावर, जिथे आम्ही दोन वर्षांपूर्वी तुकडा सांधला होता, वेल्डची रेषा अजून तशीच दिसत होती. भाऊ काट्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे परत सहा घ्यायला लागणार." मी म्हटलं, आठ घे, मागच्या बाजूच्या दोन सगळ्यात जास्त खाल्ल्या गेल्यात.